उजेड सारखाच, मग फरक कशात?

(द्वितीय वर्ष, कला)

एक चांगली आणि एक वाईट अशा दोन वस्तूंतून निवड करायला फारशी अक्कल लागत नाही. खरी पंचाईत होते ती दोन चांगल्या वस्तू समोर असल्या आणि खिशात पैसे एकीपुरतेच असले म्हणजे. दुकानदार दोन्हींची स्तुती करतो, जाणकार मंडळी दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि माणूस अखेर कंटाळून ‘महाग ते चांगले’ असे ठरवून मोकळा होतो. कॅमेऱ्याच्या भिंगाबाबत असा एक प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात उभा राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

प्रश्न कोणाचा ते आधी सांगते. माझा थोरला भाऊ लग्नकार्यांचे फोटो काढतो. दोन मुलांचे शिक्षण पुढे नेण्याची ऐपत घरात नव्हती, म्हणून दहावीनंतर त्याने शाळेला रामराम ठोकला. या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर माझे नाव आहे ते त्यामुळे. सात-आठ वर्षे दुसऱ्याच्या स्टुडिओत हाताखाली काम केल्यावर आता तो स्वतःची कामे घेतो. हळद, चुडा भरणे, नवरीची तयारी हे सारे बायकांच्या खोलीत चालते. तेथे फोटो मी काढते, मांडवात दादा काढतो. कॅमेरा एकच, सोनी कंपनीचा अल्फा ६४००. दिवसभर तो आम्हा दोघांच्या हातांतून फिरत असतो. त्याला एक चांगली झूम लेन्स घ्यायची होती. इंग्रजीतली माहितीपत्रके वाचणारी घरात मी एकटीच. “तू वाच आणि मला सांग,” एवढेच दादा म्हणाला. पण त्या सांगण्यावर एका पूर्ण लग्नसराईची शिल्लक अवलंबून होती, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता मूळ विषयाकडे वळू. दहावीच्या विज्ञानात ‘नाभीय अंतर’ हा शब्द आपण सर्वांनीच पाठ केला आहे. परीक्षेनंतर त्याची गाठ पुन्हा पडेल असे कोणालाच वाटले नसेल. लेन्सवर १८, ५०, ७० असे जे आकडे कोरलेले असतात, ते हेच नाभीय अंतर, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान असेल तर समोरच्या दृश्याचा मोठा भाग चौकटीत मावतो. आकडा मोठा असेल तर थोडाच भाग मावतो, पण तो मोठा होऊन, जवळ आल्यासारखा दिसतो. हे अंतर कमीजास्त करता येते ती झूम लेन्स.

लेन्सवर दुसरा एक आकडा असतो, उदाहरणार्थ एफ/२.८. नाभीय अंतराला, लेन्समध्ये पुढून पाहिले असता दिसणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. येथे नवख्या माणसाचा नेहमी गोंधळ होतो. पण भागाकार लक्षात ठेवला की गोंधळ उरत नाही. आमच्या कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १६-५० ची छोटी लेन्स. तिचा हा आकडा ५० च्या टोकाला ५.६ असतो. २.८ हा त्याच्या बरोबर निम्मा. म्हणजे छिद्राचा व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट आणि आत येणारा उजेडही चौपट. जेथे शटर १/३० सेकंद उघडे ठेवावे लागत होते, तेथे आता सुमारे १/१२५ सेकंद पुरते. मान वळवणारी नवरी १/३० सेकंदात पुसट होऊन उमटते; १/१२५ मध्ये तिचे डोळे स्पष्ट दिसतात. शटर इतके झरझर मिटता येते, म्हणूनच अशा लेन्सला ‘फास्ट’ म्हणतात. झूमच्या सगळ्या टप्प्यांवर एफ/२.८ कायम ठेवणारी लेन्स ही लग्नाचे फोटो काढणाऱ्याची मोठी गरज आहे. मांडवात उजेड आपल्या इच्छेप्रमाणे नसतो आणि भटजींना “जरा थांबा” म्हणता येत नाही.

‘मिररलेस’ या शब्दाचाही उलगडा केला पाहिजे. जुन्या एस.एल.आर. कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा असे. तो दृश्य वर पाठवी आणि बटण दाबताच बाजूला होई. या आरशाला जागा लागे. कॅननच्या ई.एफ. पद्धतीत लेन्स बसवण्याच्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मि.मी., निकॉनच्या एफ पद्धतीत ४६.५ मि.मी. असे. २००८ साली पॅनासॉनिकने जी १ हा कॅमेरा आणला; त्यात आरसा नव्हता. दृश्य थेट सेन्सरवरून छोट्या पडद्यावर दिसे. २०१० साली सोनीने आपली ई पद्धत आणली. तिच्यात हे अंतर केवळ १८ मि.मी. आहे. लेन्सचे मागचे भिंग सेन्सरच्या अगदी जवळ नेता येऊ लागले, शिवाय रेषांचा थोडा वाकडेपणा कॅमेऱ्यातल्या गणिताने सरळ करता येऊ लागला. त्यामुळे छोट्या सेन्सरसाठी हलक्या फास्ट झूम बनवणे शक्य झाले. निकॉनची जुनी १७-५५ एफ/२.८ लेन्स ७५५ ग्रॅमची होती. कॅननची २००६ सालची १७-५५ ही ६४५ ग्रॅमची. पुढे जी २९० ग्रॅमची लेन्स येणार आहे, तिचे महत्त्व या आकड्यांशेजारी ठेवले की समजते.

आमच्यासमोर दोन लेन्स होत्या. दोन्ही जपानी कंपन्यांच्या आणि दोन्ही आमच्या कॅमेऱ्याच्या २३.५ × १५.६ मि.मी. सेन्सरसाठी खास बनवलेल्या. पहिली टॅमरॉनची १७-७० एफ/२.८, जानेवारी २०२१ मध्ये बाजारात आलेली. टॅमरॉन १९५० साली सुरू झाली. उह्योए तामुरा या भिंगरचनाकाराच्या नावावरून तिने हे नाव घेतले. दुसरी सिग्माची १८-५० एफ/२.८, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेली. सिग्मा १९६१ सालची. तिचा कारखाना फुकुशिमा प्रांतातील आइझु येथे आहे.

आता दोघींना शेजारी ठेवून पाहू. उजेडाच्या बाबतीत दोघीही एफ/२.८, तेथे डावे-उजवे करायला जागा नाही. फरक आहे तो बाकीच्या गोष्टींत.

पहिला फरक पल्ल्याचा. जुन्या फिल्मच्या चौकटीशी तुलना करण्यासाठी या आकड्यांना दीडने गुणतात. सिग्मा २७ ते ७५ होते, तर टॅमरॉन साधारण २५.५ ते १०५. रुंद बाजूला एका मिलिमीटरचाच फरक आहे: टॅमरॉनला सुमारे ८० अंशांचे दृश्य दिसते, सिग्माला साडेशहात्तर अंशांचे. छोट्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिल्यावर हे साडेतीन अंश म्हणजे कडेची एखादी करवली आत येणे किंवा बाहेर राहणे. लांबच्या बाजूला मात्र फरक मोठा आहे. तेथे ७० म्हणजे गर्दीच्या मागे राहूनही चेहरा टिपता येणे.

दुसरा फरक हात हलण्याचा. टॅमरॉनमध्ये व्ही.सी. नावाची कंपनरोधक यंत्रणा आहे. हात जेवढा थरथरतो, त्याच्या उलट दिशेने आतले एक भिंग सरकते आणि चित्र जागेवर राहते. सिग्मात ही सोय नाही. काही कॅमेऱ्यांत, जसे सोनीच्या २०१९ च्या अल्फा ६६०० मध्ये आणि २०२३ च्या अल्फा ६७०० मध्ये, सेन्सरच हलून हे काम करतो. तेथे सिग्माची उणीव भासत नाही. आमच्या ६४०० मध्ये तसे काही नाही. उलट आमच्या जुन्या १६-५० लेन्समध्ये ही यंत्रणा होती. म्हणजे सिग्मा घेतली तर असलेली एक गोष्ट आम्ही गमावणार होतो. माहितीपत्रक नव्या लेन्समध्ये काय आहे ते सांगते. आपल्या जुन्या लेन्समध्ये काय होते, हे आपणच आठवावे लागते.

तिसरा फरक वजनाचा. सिग्मा सुमारे २९० ग्रॅम, टॅमरॉन ५२५ ग्रॅम. कॅमेरा बॅटरीसह ४०३ ग्रॅमचा. म्हणजे एका बाजूला सुमारे ७०० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला सव्वानऊशे. एका फोटोला हा फरक क्षुल्लक आहे. सकाळी सातपासून रात्री वरातीपर्यंत मनगटाला तो क्षुल्लक राहत नाही. टॅमरॉन मोठी का, याचे उत्तर वरच्या भागाकारात आहे. ५० ला २.८ ने भागले तर छिद्राचा व्यास सुमारे १८ मि.मी. येतो, ७० ला भागले तर २५ मि.मी. एवढे छिद्र पुरवायचे तर काच मोठी लागणारच. त्यात पुन्हा कंपनरोधक यंत्रणा. सिग्मात १३ भिंगे आहेत, टॅमरॉनमध्ये १६.

चौथा फरक जवळून फोटो घेण्याचा. सिग्मा १८ वर असताना सेन्सरपासून १२.१ सें.मी. अंतरापर्यंत स्पष्ट पाहू शकते. टॅमरॉन १७ वर असताना १९ सें.मी. पर्यंत. हिशेब केला तर सिग्मात सुमारे साडेसहा सेंटीमीटर रुंदीची वस्तू चौकट भरून टाकते, टॅमरॉनमध्ये तेवढ्यासाठी सुमारे अकरा सेंटीमीटरची वस्तू लागते. मेंदीची नक्षी, अंगठी, मंगळसूत्राच्या वाट्या यांसाठी सिग्मा सरस. पण एक अडचण आहे. इतक्या जवळ गेल्यावर लेन्सचे तोंड आणि वस्तू यांत अडीच-तीन सेंटीमीटरच अंतर उरते आणि लेन्सची सावलीच हातावर पडते. खिडकीकडून उजेड तिरपा घ्यावा लागतो.

पाचवा फरक पाण्याचा आणि पैशाचा. टॅमरॉनच्या बांधणीत आर्द्रता रोखणारी रबरी सोय अनेक ठिकाणी आहे. सिग्मात ती फक्त कॅमेऱ्याला जोडण्याच्या कड्याशी आहे. किमतीबाबत म्हणाल तर अमेरिकेत बाजारात येताना सिग्मा ५४९ डॉलरला होती आणि टॅमरॉन ७९९ डॉलरला. भारतातला भाव दुकानागणिक बदलतो, पण टॅमरॉन बरीच महाग हे येथेही खरे.

एवढे वाचून झाल्यावर मी एका वहीत दोन स्तंभ आखले आणि गुण-दोष लिहून काढले. पण स्तंभ भरल्याने निर्णय होत नाही. टॅमरॉनच्या बाजूला तीन गोष्टी जमल्या, सिग्माच्या बाजूला तीन. आता बेरीज कशाची करायची? येथे एक वेगळा प्रश्न कामाला आला. तोच या लेखाचा गाभा आहे. कोणत्या लेन्समध्ये काय जास्त आहे, हे विचारण्यापेक्षा कोणती उणीव दुसऱ्या उपायाने भरून निघते आणि कोणती निघत नाही, हे विचारावे. भरून निघणाऱ्या उणिवेसाठी जास्त पैसे मोजू नयेत. न निघणाऱ्या उणिवेसाठी जरूर मोजावेत.

या कसोटीला एकेक गोष्ट लावून पाहू. प्रथम पल्ला. दादाच्या जुन्या फोटोंची फाइल उघडली की तो कोणत्या नाभीय अंतरावर काढला ते संगणक सांगतो. एका लग्नाचे सगळे फोटो आम्ही तपासले. मांडवातले निम्म्याहून अधिक फोटो ५० च्या टोकावर काढलेले होते. म्हणजे लेन्स तेथे संपत होती आणि दादाला आणखी पुढे जायचे होते. हा पुरावा सरळ टॅमरॉनच्या बाजूचा. पण ही उणीव काही अंशी भरून निघते. आमच्या कॅमेऱ्याचा फोटो ६००० × ४००० बिंदूंचा, म्हणजे २ कोटी ४० लाख बिंदूंचा असतो. ५० वर काढलेला फोटो कापून ७० इतका केला, तर साधारण निम्मे, म्हणजे १ कोटी २२ लाख बिंदू उरतात. आजकाल लग्नाचा अल्बम उघडला की १२ × ३६ इंचांचा होतो; त्याचे एक पान १२ × १८ इंचांचे. कापलेला फोटो त्या पानावर छापला तरी इंचाला सुमारे २३८ बिंदू पडतात. हातात धरून पाहण्याच्या अल्बमला ते पुरेसे आहेत.

मी हा हिशेब मांडला तेव्हा दादाने त्यात दोन गोष्टींची भर घातली. एक अशी की, फोटो कापला म्हणजे उजेडही कापला. चित्रातला दाणेदारपणा वाढतो. दुसरी अशी की, मागची गर्दी जशी ७० वर विरघळते, तशी ५० वर विरघळत नाही, मग फोटो कितीही कापा. हे तो पुस्तक न वाचता, केवळ हाताच्या सवयीने सांगत होता. मी वहीतले दोन आकडे त्याला दाखवले: पंचवीस मिलिमीटरचे छिद्र आणि अठरा मिलिमीटरचे छिद्र. मागचे दृश्य किती पुसट होणार, हे त्या छिद्राच्या व्यासावरच ठरते. त्याचा अनुभव आणि माझा भागाकार एकाच जागी येऊन पोहोचले, याचा मला परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त आनंद झाला.

नंतर कंपनरोधक यंत्रणा. ती आपल्या हाताचे हलणे थांबवते. समोरच्या माणसाचे हलणे थांबवत नाही. देवळाचा गाभारा, सजवलेले तबक, रिकामा मांडव यांचा फोटो १/१५ सेकंदावरही तिच्या मदतीने स्वच्छ येतो. सप्तपदी चालणारे जोडपे मात्र १/१५ वर पुसटच येणार. तेथे शटरचा वेगच हवा, आणि तो दोन्ही लेन्स सारखाच देतात. लग्नात आम्ही टिपतो ती माणसे, आणि माणसे हलतात. म्हणून स्थिर फोटोंपुरती ही उणीव आम्हाला फारशी बोचणारी नव्हती. जो हातात कॅमेरा धरून चलच्चित्र घेतो, त्याची गोष्ट निराळी. त्याचे प्रत्येक पाऊल चित्रात धक्का होऊन उमटते. ६४०० सारखा कॅमेरा असेल आणि व्हिडिओचे काम असेल, तर टॅमरॉनच घ्यावी असे मी निःशंकपणे सांगेन. आमच्याकडे व्हिडिओचे काम दुसरा माणूस करतो.

पाण्याची उणीव छत्रीने आणि प्लॅस्टिकच्या पिशवीने भरून निघते. शिवाय बहुतेक लग्ने पावसाळ्याबाहेरच असतात. वजनाला मात्र उपाय नाही. २३५ ग्रॅम कमी करण्याची कोणतीही युक्ती नाही. आणि पैशाची उणीव भरून काढायची तर व्याजाने. तो उपाय आमच्या घरात यापूर्वी एकदा करून झाला आहे, आणि त्याची किंमत लेन्सवर छापलेली नसते.

तरीही कागदावरचा हिशेब म्हणजे निर्णय नव्हे. दोन लग्नांसाठी दादाने दोन्ही लेन्स एकेक दिवस भाड्याने आणल्या. टॅमरॉनच्या दिवशी मांडवातले फोटो नितांत सुंदर आले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र हळदीच्या खोलीत दहा बायांच्या मध्ये, एका हाताने कॅमेरा उंच धरून फोटो घेताना माझा हात लवकर भरून आला, आणि दुपारनंतर मी कमी फोटो काढले. सिग्माच्या दिवशी उलट झाले. दादाला दोन-तीनदा जागा सोडून पुढे जावे लागले, पण खोलीतले फोटो संध्याकाळपर्यंत सारख्याच संख्येने येत राहिले. रात्री दोन्ही दिवसांचे फोटो पाहून झाल्यावर दादाने सिग्मा घ्यायचे ठरवले. त्याचे कारण माझ्या वहीच्या एकाही स्तंभात नव्हते. तो म्हणाला, “कॅमेरा दोघांचा आहे, दोघांना पेलेल तीच लेन्स.” किमतीत जे वाचले त्यातून एक जादा बॅटरी आणि एक साधा फ्लॅश आला.

याचा अर्थ सिग्मा श्रेष्ठ आणि टॅमरॉन कनिष्ठ असा कोणी घेऊ नये. मांडवाचेच काम असते, कॅमेरा दादाच्या एकट्याच्या हातात असता, तर मी स्वतः टॅमरॉनचा आग्रह धरला असता. दोन्ही लेन्स चांगल्या आहेत. पण चांगुलपणा कोणत्या कामासाठी, कोणत्या कॅमेऱ्यावर आणि कोणाच्या हातात, हे जोडल्याशिवाय ते वाक्य पुरे होत नाही.

आपल्या महाविद्यालयात छायाचित्रणाची आवड असलेले अनेक जण आहेत, आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी लेन्सवर तावातावाने वाद झडताना मी ऐकले आहेत. त्यांना माझी नम्र सूचना एवढीच की, खरेदीपूर्वी तीन गोष्टी कराव्यात. आपले जुने शंभर फोटो उघडून ते कोणत्या नाभीय अंतरावर काढले आहेत ते पाहावे. आपल्या कॅमेऱ्यात आणि जुन्या लेन्समध्ये कंपनरोधक सोय आहे की नाही, याची खात्री करावी. आणि शक्य तर ती लेन्स एक दिवस भाड्याने आणून सकाळपासून रात्रीपर्यंत वापरावी. या तिन्ही गोष्टींना मिळून जो खर्च येतो, तो चुकीच्या लेन्सपेक्षा फारच कमी आहे. माहितीपत्रक कसे वाचावे याबद्दल कोणाला अडचण आली, तर ग्रंथालयात दुपारच्या सुट्टीत मी असतेच. वहीतले दोन स्तंभ अजून जपून ठेवले आहेत.